दिवेलागणीची हाक

सातारा, ता. १४ नोव्हेंबर १९४५

तीर्थरूप अक्का हिस,

गंगाधरचा साष्टांग नमस्कार. चौदावा आटोपून तू सांगलीला गेलीस त्याला आज सहा दिवस झाले. घर आहे तिथेच आहे. बनाबाई दोन वेळा येऊन भांडी घासून जाते, खाणावळीतून डबा येतो, मी तो खातो. प्रकृती बरी म्हणायची. पेन्शन घेऊन घरी बसलेल्या माणसाने याहून जास्त काय लिहावे?

पत्राचे कारण बदके. हसू नकोस. दोन वर्षांपूर्वी आमचे जज्जसाहेब विलायतेस निघाले, तेव्हा बंगल्यावरच्या चार बदकांकडे बोट दाखवून मला म्हणाले, "नाझर, यांचा बंदोबस्त करा." तीस वर्षे कोर्टाच्या हुकमाने लोकांच्या घरादारांचा बंदोबस्त केला, त्यात ही चार जास्त झाली. ब्राह्मणाच्या घरी बदके म्हणून पेठेत आठवडाभर करमणूक झाली. तुझ्या भावजयीने मात्र मला एका शब्दाने काही विचारले नाही. पदर खोचला आणि परसातला हौद घासायला घेतला. त्या दिवसापासून बदके तिची. मी त्यांच्याकडे कधी पाहिलेही नाही.

आता पाहावे लागते, तर ती मला पाहू देत नाहीत. मी मागल्या दारात उभा राहिलो की चौघेही हौदापलीकडच्या कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढतात. त्यांतला नर, शेपटीवर कुरळे पीस असलेला, मान लांब करून घशातल्या घशात खरखरत माझ्याकडे बघतो, जसा काही मी त्याच्या घराचा ताबा घ्यायला आलो आहे. कोंडा टाकला तर मी आत गेल्यावर खातात. तेवढेही चालले असते. पण दिवेलागणीला ती खुराड्यात जात नाहीत. काठी घेऊन हाकलायला गेलो तर परसभर धावाधाव झाली, एक माझ्या पायांतून निसटले आणि मी तुळशीकट्ट्यावर आपटलो. शेवटी ती उघड्यावरच राहतात. किल्ल्याच्या उतारावरून मुंगूस उतरते, बनाबाईने दोनदा पाहिले आहे.

अंथरूण धरेपर्यंत ती मागल्या उंबऱ्यावर बसून त्यांना आत घेत असे, एवढे मला ठाऊक. कसे, ते ठाऊक नाही. त्या वेळेला मी वाचनालयात असे. वैशाखात तिचे दुखणे सुरू झाले तेव्हा तू दोन महिने तिच्याजवळ होतीस, रोज तिच्याबरोबर बसत होतीस. ती काय करायची, ते आठवून कळव. ती गेली तेव्हा चार होती. माझ्या हाताखाली त्यांतले एकही जाऊ नये, एवढेच वाटते. बाकी हल्ली फारसे काही वाटत नाही.

तुझा
गंगाधर

---

सांगली, ता. २० नोव्हेंबर १९४५

चि. गंगाधर यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गोपाळ शाळेतून आला तसा त्याला समोर बसवून हे लिहवून घेते आहे. स्वतःबद्दल पाच ओळी आणि बदकांबद्दल पन्नास, असं पत्र मी जन्मात वाचलं नव्हतं. डबा गरम असतो का, पाठीला थंडी बाधते का, यातलं काही नाही.

अनसूया काय करायची ते मला नीटसं आठवत नाही. बसायची, बोलायची, आणखी काय करणार? पण डोळ्यांना दिसलं तेवढं सांगते. ती कधी उभ्याने त्यांच्याजवळ गेली नाही. आणि बसली तरी त्यांच्याकडे तोंड करून बसायची नाही. पाठ करून, मांडीवर सूप घेऊन, तांदूळ निवडत. कुणी टक लावून बघितलं की त्यांना वाटतं, आता हा धरणार. साहेबाचा शिपाई मानेला धरून उचलायचा म्हणे, त्यामुळे वरून हात आला की ती अर्धमेली होतात. रोज एकाच वेळेला जा, एकाच कपड्यांत जा, आणि ती काठी आधी चुलीत घाल. बूटही काढ. तुझं नुसतं चालणं ऐकलं तरी समन्स आल्यासारखं वाटतं, ते मुक्या जिवांना का वाटू नये?

पण खरं सांगू? कशाला हा व्याप? संक्रांतीपर्यंत घर सोड आणि इकडे ये. गोपाळची खोली मोठी आहे, दोघांना पुरेल. बदकांचीही सोय केली आहे. गोपाळच्या ओळखीचा एक जण महाबळेश्वरला हॉटेलात असतो, तो न्यायला तयार आहे. नीट सांभाळील म्हणतो.

तुझी
अक्का

ता. क. मामा, आईने सांगितले तसे लिहिले, राग मानू नये. तो गृहस्थ हॉटेलात आचारी आहे. हे मी आईला सांगितलेले नाही. गोपाळकृष्ण.

---

सातारा, ता. २ डिसेंबर १९४५

तीर्थरूप अक्का हिस, साष्टांग नमस्कार.

काठी चुलीत घातली. बूट काढले. रोज पाच वाजता तोच तपकिरी कोट घालून, हौदाकडे पाठ करून पाटावर बसतो. मांडीवर सूप. रेशनच्या तांदळात खडे इतके असतात की काम कमी पडत नाही. पहिल्याच दिवशी शेजारच्या भाऊसोंनी भिंतीवरून डोकावून विचारले, "नाझरसाहेब, आज सुपाची जप्ती का?" गुडघे इतके धरतात की उठताना तुळशीकट्ट्याचा आधार घ्यावा लागतो. कंटाळा असा नाही, अक्का, पण थकवा फार. नुसता बसलो तरी थकवा.

आठव्या दिवशी पाठीमागे पंजांचा फटफट आवाज जवळ आला. चार हातांवर आला असेल. मी श्वास धरून बसलो होतो, त्यानेच मला खोकला आला. मग काय, पाण्यात चार उड्या.

आणि परवा एक गेली. मादी होती, सगळ्यांत लहान. सकाळी हौदाच्या काठावर पिसे तेवढी पडली होती. मी ती गोळा करून कागदात बांधून ठेवली. कशासाठी, ते सांगता येणार नाही.

त्या दिवशी बनाबाईला स्पष्ट विचारले, बाई बदकांना हाक मारत होत्या का?

म्हणाली, "मारायच्या की. लय ग्वाड हाक मारायच्या. त्यो कुरळ्या शेपटाचा पयला यायचा, त्याच्या मागनं बाकीची."

"काय म्हणून हाक मारत?"

"आवं साहेब, त्ये न्हाई मला सांगता यायचं."

"का?"

"न्हाई यायचं म्हंजे न्हाई यायचं. तुमी तुमच्या अक्कास्नी इचारा की. त्या व्हत्या तवा." एवढे बोलून पदर तोंडात धरला आणि तपेले इतके घासू लागली की त्याचा तळ जाईल असे वाटले.

तेव्हा तुला पुन्हा विचारतो. ती हाक काय होती? तुला आठवत नाही असे तू लिहिलेस. तुला माझ्या मुंजीतल्या जेवणातले पदार्थ आठवतात, अक्का.

दरम्यान मला एक युक्ती सुचली आहे. जमली तर कळवीन.

तुझा
गंगाधर

---

सांगली, ता. ९ डिसेंबर १९४५

गंगाधर,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही, म्हणजे गोपाळचा वळतो आहे पण मी त्याला नको म्हटलं.

काल गणपतीच्या देवळात तुमच्या साताऱ्याच्या रंगूबाई भेटल्या, लेकीकडे आल्या आहेत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, नाझरांकडे कार्य आहे का हो? मी म्हटलं, कसलं कार्य, अजून दोन महिने नाही झाले. तर म्हणाल्या, मग कासाराच्या दुकानात नाझर स्वतः जाऊन हिरव्या बांगड्या घेत होते त्या कुणासाठी? डझनभर! सगळ्या बायका उठून कोपऱ्यात उभ्या राहिल्या म्हणे. मला देवळातून घरापर्यंत कशी आले ते कळलं नाही.

अरे, सत्तावन्न वर्षं झाली तुला! तिचं वर्षश्राद्ध तरी होऊ दे. छत्तीस वर्षं ती तुझ्यासमोर उभी राहून वाढत आली, एका शब्दाने उलट बोलली नाही. आणि ही तुझी युक्ती? जमली तर कळवणार होतास! म्हणून घर सोडायचं नाव काढत नाहीस होय. बदकांचं निमित्त करून मला दोन दोन पानं लिहितोस आणि मी खुळी त्यावर तांदूळ निवडायला सांगते.

कोण आहे ती, कुठली आहे, एवढं कळव. मी काही येणार नाही.

अक्का

ता. क. मामा, मी आईला म्हणालो की आधी विचारावे. माझे चालले नाही. गो.

---

सातारा, ता. १५ डिसेंबर १९४५

तीर्थरूप अक्का हिस, साष्टांग नमस्कार.

बांगड्या बदकांसाठी घेतल्या.

ती हौदावर पाणी काढताना हातातला चुडा वाजे, तेव्हा बदके मान वर करत, हे मी दोन-तीनदा खिडकीतून पाहिले होते. माझ्या पाहण्यातले तेवढेच. ती सवाष्ण गेली, तिचा चुडा तिच्याबरोबर गेला. घरात एक काकण नाही. म्हणून कासाराकडे गेलो. बायका उठल्या हे खरे. कासाराने विचारले, "माप काय?" मला सांगता येईना. छत्तीस वर्षे त्या हाताचे खाल्ले, पण मनगट केवढे होते ते सांगता येईना. मी माझ्याच बोटांचे कडे करून दाखवले, मोठे केले, लहान केले. त्याने माझ्या तोंडाकडे बघितले आणि मधल्या मापाच्या दिल्या. तुला काय वाटायचे ते वाटो, अक्का, पण तिथून घरी येताना मला जे वाटले त्यापुढे रंगूबाईंचे बोलणे काहीच नाही.

बांगड्या दोरीत ओवून पाटावर बसलो आणि हळूच हलवल्या. आली. तिघेही लगबगीने, गळ्यात आनंदाचा आवाज काढत, अगदी पाठीशी आली. मी मान वळवली. वळवायला नको होती, पण वळली. त्यांनी मला पाहिले, दोरीतल्या बांगड्या पाहिल्या, आणि अशी किंचाळत सुटली की भाऊसोंच्या घरातली माणसे बाहेर आली. त्या दिवसापासून नराने कोंड्याला तोंड लावलेले नाही. आता मी दार उघडले तरी तिघे थरथरतात. फसवून बोलावले, ते त्यांना कळले. नाझराने आयुष्यभर केले तेच पुन्हा केले.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ती दोन दिवसांनी शुद्धीवर आली. मी उशाशी वर्तमानपत्र वाचत होतो. तिने विचारले, "बदकं आत घेतली का?" दुसरे काही नाही, एवढेच. बदके बाहेर होती. मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हटले, "हो, घेतली." तिने डोळे मिटले. बनाबाई दिवा लावायला आली तेव्हा तिनेच मला सांगितले की बाई गेल्या.

मी तिला शेवटचे जे बोललो ते खोटे बोललो. ते खरे करावे म्हणून हा सगळा खटाटोप होता, दुसरे काही नाही. आता होईल असे वाटत नाही, आणि माझ्यात त्राणही नाही. गोपाळच्या त्या आचाऱ्याला मी कार्ड टाकले आहे. २३ तारखेला रविवारी तो बांबूचा करंडा घेऊन येईल. नाताळाला त्याच्याकडे पलटणीतले साहेब उतरणार आहेत. निदान मुंगसाने नेण्यापेक्षा बरे. मग बिऱ्हाड आवरतो आणि तुझ्याकडे येतो.

तुझा
गंगाधर

---

सांगली, मंगळवार

चि. गंगाधर यास आशीर्वाद.

हे पत्र माझ्या हातचं आहे. गोपाळला सांगता येण्यासारखं नाही. ह्यांनी मला पाटीवर अक्षरं शिकवली त्याला पुष्कळ वर्षं झाली, तेव्हा सावकाश वाच.

आधी माझं चुकलं. बांगड्यांचं वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मला हाक आठवत नाही हे खोटं होतं. मी अनसूयेला शब्द दिला होता की तुला कधी सांगणार नाही. पण रविवारी तो माणूस येणार, आणि मग शब्द पाळून काय करू?

त्या नराचं नाव तिने गंगाधर ठेवलं होतं.

मी वैशाखात आले तेव्हा पहिल्याच संध्याकाळी ऐकलं. तू वाचनालयात गेला होतास. उंबऱ्यावर बसून, पाठ फिरवून, अगदी हळू आवाजात, "गंगाधर, ये रे. ये बाळा, कोणी काही करत नाही." मी घाबरलेच. म्हटलं, अगं, नवऱ्याचं नाव! उखाण्यातसुद्धा तू लाजत घेतेस! तर हसली आणि म्हणाली, "अक्का, आयुष्यभर जे नाव मनात घोळवलं ते एकदा तोंडाने घ्यावंसं वाटलं. माणसाला घेतलं तर पाप, बदकाला घेतलं तर काय?" मग बनाबाईपण हसली. बनाबाई मालकाचं नाव तोंडाने कशी घेईल, म्हणून तुला सांगेना.

मी विचारलं, ह्या चौघांत ह्यालाच का? तर म्हणाली, "कारण हा सगळ्यांत भित्रा आहे. कोणी जवळ आलं की मान ताणतो, खरखरतो. बघणाऱ्याला वाटतं अंगावर येतोय. खरं म्हणजे तो पळायला वाट शोधत असतो. ह्यांचंही तसंच आहे. ज्या दिवशी कुणाच्या घराचा ताबा घ्यायला जायचं असतं त्या दिवशी सकाळी ताटातला भात तसाच राहतो. मला म्हणतात, मीठ जास्त झालं. मी मीठ चाखून बघितलेलं असतं. पण मी काही म्हणत नाही. म्हटलं तर आणखी लांब जातील. बदकाला मला आठ दिवस लागले, अक्का. नवव्या दिवशी त्याने माझा पदर ओढला. ह्यांना किती दिवस लागतील कोण जाणे, मी आपली पाठ फिरवून बसले आहे."

असं म्हणाली. मला तेव्हा आठवलं, बाबांनी हाक मारली की तू कणगीच्या मागे लपायचास आणि बाहेर काढलं की ओरडायचास. तू चिडका नव्हतास रे. भित्रा होतास. हे मला तुझ्या बायकोने सांगावं लागलं.

तूही तिला कधी नावाने हाक मारली नाहीस. अगं, ऐकलंस का, झालं का, याच्या पलीकडे काही नाही. तुझ्या तीन पत्रांतसुद्धा तिचं नाव एकदा आलेलं नाही, परत वाचून बघ.

आता तुला काय करायचं ते कर.

अक्का

---

सातारा, ता. २ जानेवारी १९४६

तीर्थरूप अक्का हिस,

गंगाधरचा साष्टांग नमस्कार. तुझे पत्र २१ तारखेला शुक्रवारी मिळाले. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल रागावू नकोस.

रविवारी तो आचारी करंडा घेऊन आला. भला माणूस होता, बदके बघून खूश झाला. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवले. कारण विचारले तेव्हा सांगितले की एक नातलग निघाला. तो काय समजला ठाऊक नाही, पण लवकर निघून गेला.

त्याच संध्याकाळी पाटावर बसलो. सूप घेतले, पाठ फिरवली. भाऊसो भिंतीशी नाहीत ना, हे दोनदा उठून पाहिले. आपल्याच परसात बसून आपलेच नाव घ्यायला सत्तावन्न वर्षांच्या माणसाला एवढी लाज का वाटावी? मग हळूच म्हटले, "गंगाधर." पाण्यातली खळबळ एकदम थांबली. मी वळून पाहिले नाही. पण मला कळले की तिघांच्या माना वर झाल्या आहेत.

दुसरे काय म्हणायचे ते मला येत नव्हते. तू लिहिलेस तेच म्हटले. "ये रे. ये बाळा, कोणी काही करत नाही." अक्का, मला अशी हाक कुणी मारल्याचे आठवत नाही. बाबांची हाक तू लिहिलीसच. पुढे सगळ्यांचा मी नाझर. त्या हाकेचे उत्तर द्यायला मलाच उठून जावेसे वाटले.

त्या दिवशी कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बांगड्यांचे ते विसरले नव्हते, आणि का विसरावे? पण नर पुन्हा खाऊ लागला. तिसऱ्या दिवसापासून मी नुसते नाव न घेता बोलू लागलो. ज्या दिवशी भात राहायचा त्या दिवसांचे बोललो. एकदा एका म्हातारीच्या घराचा ताबा घेताना तिने मला पाणी विचारले होते आणि मी नको म्हणालो होतो, ते सांगितले. हे मी घरात कधी कुणाला सांगितले नव्हते. आता बदकांना सांगितले. एकदा बनाबाई दारात उभी राहिली होती. ती म्हणाली, "असंच व्हतं बघा बाईंचंबी," आणि डोळे पुसत गेली. त्या बांगड्या मी तिला दिल्या. तिला नीट बसल्या.

सांगलीला मी संक्रांतीला येत नाही. पुढेही येईन असे वाटत नाही. तुझी तब्येत ठीक असेल तर तूच ये, चार दिवस राहा. गोपाळलाही आण, त्याच्या ता. क. मुळे मला पुष्कळ धीर आला.

काल कोटाचा शेव ओढल्यासारखे वाटले. मी खडा निवडत होतो, निवडतच राहिलो. पुन्हा ओढला. खाली नजर टाकली तर कुरळी शेपटी मांडीशी आणि दोघी मागे उभ्या. मी हात लावला नाही. बसल्या बसल्या पाट मागे सरकवत खुराड्याच्या दारापर्यंत गेलो, वाटेत दोनदा नाव घेतले. तो आत गेला, त्याच्या मागून दोघी गेल्या. कडी लावली.

घरात आलो. देवापाशी दिवा लावला. तिची वळकटी अजून त्याच कोपऱ्यात आहे, मी ती उचलू दिलेली नाही. तिकडे तोंड करून उभा राहिलो आणि म्हटले, "अनसूये, बदकं आत घेतली."

तुझा
गंगाधर